सीपी असलेल्या मुलांचा ताठरपणा: उपचार कुठून सुरू करायचे आणि कोणत्या क्रमानं

सेरेब्रल पाल्सीचं (सीपी, म्हणजे लहानपणी मेंदूला इजा होऊन हालचालींवर झालेला परिणाम) निदान होतं तेव्हा केसपेपरवर ‘स्पॅस्टिक डायप्लेजिया’ (मुख्यतः दोन्ही पाय ताठर) किंवा ‘स्पॅस्टिक क्वाड्रिप्लेजिया’ (दोन्ही हात-पाय ताठर) असं काहीतरी लिहिलेलं असतं. खाली एका ओळीत फिजिओथेरपी, बॅक्लोफेन, बोटॉक्स. पुढचं सगळं आईबापांनी शोधायचं. माझी मुलगी सातव्या महिन्यात झालेली. दोन्ही पायांत ताठरपणा आहे, आता वॉकर घेऊन शाळेत जाते. आम्ही सांगलीकडचे, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या रांगा, पायाच्या पट्ट्यांची (ब्रेसची) मापं, इंजेक्शनं, सरकारी कागद हे सगळं पाहून झालंय. मी डॉक्टर नाही. कोणत्या स्नायूत सुई द्यायची, गोळी किती, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण कोणत्या टप्प्यावर काय विचारायचं आणि पैसा व वेळ कुठे वाया जातो, हे मला सांगता येईल.

१. ताठरपणा कोणत्या प्रकारचा, हे आधी विचारा

सीपीत मेंदूला झालेली इजा वाढत जात नाही. मूल मात्र वाढतं. हाडं लांब होतात आणि ताठर स्नायूंना तो वेग गाठता येत नाही. म्हणून दोन वर्षांचं असताना ज्याची टाच सहज टेकत होती, त्याचीच सहाव्या वर्षी टेकेनाशी होते. आजार बळावला असं वाटून पालक पुन्हा एमआरआय करायला धावतात. बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

पाय कडक लागतो त्यामागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. पहिली स्पॅस्टिसिटी. सांधा झटकन हलवला की स्नायू अडवतो, सावकाश नेला तर बराच पुढे जाऊ देतो. गाडीचा सीट बेल्ट हिसका दिला की अडकतो, तसं. दुसरी काँट्रॅक्चर, म्हणजे स्नायू कायमचा आखडलेला. कितीही हळू न्या, मूल गाढ झोपेत असू दे, एका कोनापुढे सांधा जातच नाही. तिसरी डिस्टोनिया. यात अंग पिळवटतं, हातपाय विचित्र वळतात. मूल रडलं, हरखलं, काही पकडायला गेलं की हे वाढतं आणि झोपेत जवळजवळ नाहीसं होतं. जन्मानंतरच्या तीव्र काविळीनं मेंदूला इजा झालेल्या मुलांत हा प्रकार बऱ्याचदा दिसतो. कित्येक मुलांत या गोष्टी मिसळलेल्या असतात.

प्रकार कळला नाही तर उपचार चुकतो. आखडून गेलेल्या स्नायूत बोटॉक्स देऊन उपयोग नाही, तिथे प्लास्टर किंवा शस्त्रक्रिया लागते. डिस्टोनियाची औषधं वेगळी असतात.

तपासताना डॉक्टर किंवा फिजिओ सांधा एकदा हळू आणि एकदा झटकन हलवून दोन कोन मोजतात. हे दोन्ही आकडे केसपेपरवर लिहून मागा. दोन्हींत मोठं अंतर असेल तर स्पॅस्टिसिटीचा वाटा मोठा. अंतर फारसं नसेल आणि सांधा मुळातच कमी हलत असेल तर स्नायू आखडलाय. मॉडिफाइड ॲशवर्थ या ताठरपणाच्या मोजपट्टीचा ० ते ४ आकडा सगळीकडे लिहितात, पण एवढ्यावरून हा फरक समजत नाही.

२. मुलाची पातळी माहीत करून घ्या

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या मंडळींनी १९९७ मध्ये जीएमएफसीएस नावाची, मुलाच्या बसण्या-चालण्याच्या क्षमतेवरून केलेली वर्गवारी प्रसिद्ध केली. तिच्यात पाच पातळ्या आहेत. पहिल्या पातळीतलं मूल चालतं, पळतं, जिना चढतं. दुसऱ्यातलं चालतं, पण लांबचं अंतर आणि खडबडीत रस्ता जड जातो, जिन्याला कठडा लागतो. तिसऱ्यात वॉकर किंवा कुबड्या. चौथ्यात फिरणं मुख्यतः चाकाच्या खुर्चीतून. पाचव्यात मान आणि धड सावरणंही कठीण.

साधारण पाच वर्षांनंतर ही पातळी सहसा बदलत नाही. हे ऐकून जीव कासावीस होतो, मला ठाऊक आहे. पण हा आकडा माहीत असला की पुष्कळ गोष्टी सुटसुटीत होतात: कोणती शस्त्रक्रिया आपल्यासाठी आहे, खुब्याचा एक्स-रे किती वेळा काढायचा, खुर्ची कधी घ्यायची. ग्रुपवर कुणी ‘आमच्या बाळाला या औषधानं फरक पडला’ असं लिहिलं की आधी त्याची पातळी विचारा. दुसऱ्या पातळीच्या मुलाचा अनुभव पाचव्या पातळीच्या मुलाला लागू होत नाही. आणि पाचव्या पातळीच्या मुलाला सहा महिन्यांत चालतं करून देतो असं कुणी म्हणालं, तर फी भरण्याआधी उठून या.

३. काय साधायचं ते ठरवा, मग उपचार निवडा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. ‘पाय मऊ करायचे’ हे उद्दिष्ट होऊ शकत नाही. पाय मऊ झाल्यावर मूल काय करणार, किंवा त्याचं काय करणं सोपं जाणार, ते ठरवायला हवं.

काही मुलं त्या ताठरपणावरच उभी असतात. आतली ताकद कमी असते आणि कडक झालेला पाय खांबाचं काम करतो. औषधानं तो ढिला पडला की गुडघे मुडपतात आणि कालपर्यंत पलंगाला धरून उभं राहणारं मूल खाली बसतं. डॉक्टरांनी हे आधी पाहायला हवं. आपणही विचारायला हवं: ‘ताठरपणा कमी झाला तर खाली ताकद किती आहे?’

उद्दिष्ट लहान आणि डोळ्यांना दिसणारं असावं. चौथ्या-पाचव्या पातळीच्या मुलासाठी लंगोट बदलताना मांड्या फाकवता येणं, खुर्चीत न दुखता तासभर बसता येणं, रात्री सलग झोप लागणं. चालणाऱ्या मुलासाठी पट्ट्यात टाच नीट बसणं, कात्रीसारखे पाय एकमेकांत न अडकता वर्गाच्या दारापासून बाकापर्यंत जाता येणं. हाताचा ताठरपणा असेल तर बाही घालताना कोपर सरळ होणं. हे उद्दिष्ट तारखेसह वहीत लिहा आणि त्याच गोष्टीचा व्हिडिओ काढा. तीन महिन्यांनी तोच व्हिडिओ, तीच जागा, तेच बूट. उपचार लागू पडला की नाही, हे त्यावरून ठरवा. ‘थोडा फरक वाटतो’ असं सगळेच म्हणतात, आजी तर पहिल्या दिवसापासून म्हणते.

४. सोबत न्यायची फाइल

मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांसमोर फार वेळ मिळत नाही. तेवढ्या वेळात पिशवी उपसत बसू नये म्हणून फाइल या क्रमानं लावा:

- जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड (किती आठवड्यांचं, वजन, काचेच्या पेटीत किती दिवस, कावीळ, आकडी)
- एमआरआयचा रिपोर्ट. फिल्म किंवा सीडीही
- खुब्याचे आजवरचे सगळे एक्स-रे, तारखेच्या क्रमानं
- चालू औषधांची यादी: नाव, किती, दिवसातून कितीदा, कधीपासून
- आधी दिलेल्या इंजेक्शनांची नोंद: कोणती कंपनी, किती युनिट, कोणत्या स्नायूत, परिणाम किती टिकला
- फिजिओचे कोन लिहिलेले कागद
- मुलाचं ताजं वजन (डोस वजनावर ठरतो)
- आधार, रेशनकार्ड, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यांच्या प्रती

मोबाइलमध्ये दोन-तीन छोटे व्हिडिओ हवेत: चालताना समोरून आणि बाजूनं, बसलेलं असताना, आणि ताठरपणा सर्वांत जास्त असतो त्या वेळचा. नव्या जागी, थंड एसीत, अनोळखी माणसासमोर मूल एरवीपेक्षा कडक होतं, त्यामुळे घरचा व्हिडिओ बघितला तरच खरं चित्र कळतं. कपड्यांत आखूड चड्डी घ्या. पट्टे आणि रोजचे बूट विसरू नका.

५. घरात रोज काय करायचं

फिजिओकडे आठवड्यातून दोनदा पाऊण-पाऊण तास जाऊन स्नायू लांब होत नाही. उरलेले तास मूल कसं बसतं, कसं झोपतं, कसं उचललं जातं, यावर जास्त अवलंबून असतं.

उचलण्यापासून सुरुवात करा. पाय जुळवून दोन्ही हातांवर आडवं घेण्यापेक्षा कडेवर घ्या, एक पाय पुढे, एक मागे. मांड्या आपोआप फाकतात. आपल्याकडे मूल कडेवर घ्यायची पद्धत आहे ती या मुलांसाठी उत्तम. बसवताना पाय समोर सरळ पसरून बसवलं तर मांडीमागचे स्नायू ओढले जाऊन बरीच मुलं मागे कलंडतात आणि पाठीला कुबड काढून बसतात. त्यापेक्षा छोटं स्टूल किंवा उंच पाट द्या. तळवे जमिनीवर पूर्ण टेकलेले आणि गुडघे काटकोनात असावेत. जेवण, गोष्ट, मोबाइल सगळं तिथेच.

ताण देताना हळू न्या, अडलं की तिथेच थांबा, स्नायू सैल पडेपर्यंत धरा. गुडघा सरळ ठेवून तळवा वर करताना आधी टाच आपल्या मुठीत धरा; नुसती बोटं वर ढकलली तर पाय मधूनच वाकतो आणि टाच जिथल्या तिथे राहते. हातानं मिनिटभर दिलेल्या ताणाचा परिणाम फार टिकत नाही. म्हणून फिजिओ गेटर (गुडघा सरळ ठेवणारं वेष्टण), रात्रीचे स्प्लिंट आणि उभं राहण्याची चौकट देतात. त्यांत तोच ताण बराच वेळ मिळतो.

मालिशवाल्या बाईंबद्दल बोललंच पाहिजे. तेल लावून हलक्या हातानं चोळायला हरकत नाही, मुलाला बरं वाटतं. पण ‘शिरा मोकळ्या करते’ म्हणत पाय हिसकणं, गुडघा छातीवर दाबणं, मांड्या जोरानं फाकवणं बंद करा. झटक्यानं ताठरपणा उलट वाढतो. शिवाय जी मुलं उभी राहत नाहीत त्यांची हाडं नाजूक असतात, मांडीचं हाड मोडू शकतं. सासूबाईंना हे आपण सांगून पटत नाही. एकदा डॉक्टरांकडे सोबत न्या आणि त्यांच्याच तोंडून ऐकू द्या.

पट्ट्यांचं, म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणाऱ्या एएफओचं, थोडं सविस्तर. प्लास्टरचा साचा घेताना फिजिओ हजर असेल तर चांगलं, कारण साच्यात टाच नीट धरली नाही तर पट्टाही तसाच तिरका बनतो. घालताना गुडघा वाकवा, मग पोटरी सैल पडते आणि टाच सरकन मागे बसते. घोट्यावरची बांधायची पट्टी आधी आवळा, पोटरीची नंतर. मोजा लांब आणि बिनसुरकुतीचा. बूट एक-दोन नंबर मोठा, आतला पॅड काढून. काढल्यावर लाल खूण दिसली तर घड्याळ बघा. अर्ध्या तासात गेली नाही तर तो पट्टा घालू नका, वर्कशॉपला परत न्या आणि तापवून जागा करून घ्या. आम्हाला एका ठिकाणी ‘सवय होईल’ म्हणून परत पाठवलं होतं आणि घोट्यावर फोड आला. सवय त्वचेला होत नसते. बोटं पट्ट्याच्या कडेबाहेर आली की तो लहान झाला, नवा करा.

एक पुराव्याची गोष्ट. ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सीपीच्या उपचारांचा मोठा आढावा घेतला आणि प्रत्येकाला सिग्नलचे रंग दिले. उद्दिष्ट ठरवून मुलानं स्वतः केलेला सराव, घरचा कार्यक्रम, प्लास्टर, बोट्युलिनम (बोटॉक्स) इंजेक्शन आणि खुब्यांवर पाळत यांना हिरवा मिळाला. मूल निपचित पडलंय आणि थेरपिस्टच त्याचे हातपाय हलवतोय, असं तासन् तास चाललं असेल तर प्रश्न विचारा.

६. ताठरपणा अचानक वाढला तर आधी कारण शोधा

चार दिवसांत पाय लाकडासारखे झाले म्हणून औषध वाढवू नका. बद्धकोष्ठ झालंय का, लघवीला जळजळ आहे का, दात किंवा कान दुखतोय का, नख रुतलंय का, पट्टा टोचतोय का, हे पाहा. ताप, थंडी, जागरण यांनीही वाढतो. जे मूल बोलत नाही त्याचं दुखणं बऱ्याचदा असंच बाहेर येतं. मांडी फाकवताना नव्यानं रडायला लागलं तर खुबा तपासा. उंची भराभर वाढते त्या महिन्यांतही कडकपणा जाणवतो, तेव्हा पट्टे आणि ताण यांकडे जास्त लक्ष द्या. आणि कारण काहीच सापडत नसेल, पायांची ताकद कमी होत असेल, चालणारं मूल चालायचं थांबलं असेल, तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवा.

७. तोंडी औषधं

ताठरपणा सगळ्या अंगात असेल तेव्हा यांचा विचार होतो. फक्त पोटऱ्या कडक असलेल्या मुलाला सगळ्या शरीरावर काम करणारं औषध कशाला, हा प्रश्न रास्त आहे.

बॅक्लोफेन सर्वांत जास्त वापरलं जातं. थोड्या मात्रेनं सुरू करून हळूहळू वाढवतात. गुंगी, मान ढिली पडणं, लाळ वाढणं, बद्धकोष्ठ हे त्रास होऊ शकतात. आकडीचा इतिहास असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. सर्वांत मोठा धोका म्हणजे ते अचानक बंद करणं. त्यानं आकडी, भास आणि प्रचंड ताठरपणा येऊ शकतो. कमी करायचं तर डॉक्टरांच्या सांगण्यानुसार पायरीपायरीनं. गोळ्या कधीही शेवटच्या पानावर येऊ देऊ नका. दिवाळीत आणि लग्नाला गावी जाताना विशेषतः, कारण तालुक्याच्या मेडिकलमध्ये ती मिळेलच असं नाही.

डायझेपाम बहुधा थोड्या दिवसांपुरतं देतात: ऑपरेशननंतर, किंवा रात्री पेटके येऊन झोप मोडत असेल तर. गुंगी येते आणि सवय लागते. टिझानिडीनही काहींना देतात. त्यात यकृतावर लक्ष ठेवावं लागतं.

८. इंजेक्शन आणि प्लास्टर

बोट्युलिनम टॉक्सिन, ज्याला सगळे बोटॉक्स म्हणतात, नस आणि स्नायू यांच्यातला निरोप काही काळ अडवतं. स्नायू सैल पडतो. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, साधारण महिनाभरात पूर्ण होतो आणि तीन ते सहा महिन्यांत ओसरतो. साधारण दोन वर्षांनंतरच्या मुलांना, मोजक्या स्नायूंत देतात. मूल लहान असेल तर थोडी भूल लागते, म्हणजे उपाशीपोटी यायला सांगतात. नेमका स्नायू शोधायला सोनोग्राफी वापरणार का, हे विचारा. पोटरी वरून सापडते, खोलवरचे स्नायू नुसत्या हातानं नेमके सापडत नाहीत.

आधी सांगायच्या गोष्टी: गिळायला त्रास, वारंवार ठसका, श्वासाचा त्रास, स्नायूंचा दुसरा आजार, सध्याचा ताप. आणि अमिकासिन किंवा जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक नुकतंच झालं असेल तर तेही, कारण त्यांनी परिणाम नको तितका वाढू शकतो.

बाटली बाहेरच्या मेडिकलमधून आणायला सांगितली तर ती २ ते ८ अंशांत राहायला हवी. बर्फाच्या डब्यातून आणा, बिल घ्या, बाटलीवरचं स्टिकर केसपेपरला चिकटवून घ्या. बोटॉक्सची युनिटं आणि डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडची युनिटं सारखी नसतात. मागच्या वेळी किती दिलं हे सांगताना कंपनीचं नाव सांगितलं नाही तर त्या आकड्याला अर्थ नाही.

इंजेक्शन झालं की काम सुरू होतं, आणि इथेच बहुतेकांचे पैसे बुडतात. स्नायू सैल असलेल्या त्या काही महिन्यांत ताण, पट्टे, उभं राहणं, समोरच्या स्नायूंची ताकद वाढवणं हे सगळं जोरात व्हायला हवं. म्हणून तारीख घेण्याआधी फिजिओची वेळ बांधून घ्या. परीक्षा, लग्नसराई, घर बदलणं यांच्या तोंडावर इंजेक्शन घेऊ नका. नवे पट्टे लागणार असतील तर तेही आधीच बोलून ठेवा. पहिले काही दिवस मूल जास्त पडेल, शाळेत सांगून ठेवा.

टाच थोडी आखडलेली असेल तर इंजेक्शननंतर काही दिवसांनी प्लास्टर घालतात आणि दर आठवड्याला बदलून कोन थोडा थोडा वाढवतात. दोन-तीन आठवडे हे चालतं. प्लास्टर असताना बोटं रोज पाहा. निळी, थंड, सुजलेली दिसली किंवा मूल थांबतच नाही इतकं रडलं, तर सकाळची वाट न बघता प्लास्टर काढायला न्या. मुंबईत घालून गावी परतणार असाल, तर प्लास्टर कापायची सोय जवळ कुठे आहे ते निघण्याआधीच बघा.

पुढच्या काही आठवड्यांत गिळताना ठसका, आवाज बसणं, श्वास जड होणं, मान लुळी पडणं यांपैकी काही दिसलं तर ताबडतोब रुग्णालय. हे क्वचित होतं, पण होतं.

‘दर तीन महिन्यांनी या’ असं पॅकेज कुणी दिलं तर थांबा. वारंवार दिल्यानं स्नायू बारीक होतो अशी काळजी आता तज्ज्ञच बोलून दाखवतात. पुढचं इंजेक्शन आधीच्याचा हिशेब मांडून, आणि उद्दिष्ट अजून शिल्लक असेल तरच.

९. खुब्याचा एक्स-रे: न दुखणाऱ्या खुब्याचासुद्धा

मांडीच्या आतले ताठर स्नायू खुब्याचा गोळा हळूहळू खोबणीबाहेर ओढतात. सुरुवातीला मूल कुरकुरत नाही, बाहेरून काही दिसत नाही. दुखायला लागतं तोवर उशीर झालेला असतो. सीपीच्या सुमारे एक तृतीयांश मुलांत खुबा सरकतो. पहिल्या पातळीत जवळजवळ नाही, पाचव्या पातळीत बहुसंख्य मुलांत.

गोळ्याचा किती टक्के भाग खोबणीबाहेर आहे हे एक्स-रेवर मोजतात, त्याला मायग्रेशन पर्सेंटेज म्हणतात. ३० टक्क्यांच्या वर गेलं की हाडांच्या डॉक्टरांनी पाहायलाच हवं. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून सगळ्या सीपी मुलांची अशी नियमित तपासणी सुरू झाली आणि खुबा पूर्ण निखळणं जवळजवळ थांबलं. आपल्याकडेही इंडियन अकादमी ऑफ सेरेब्रल पाल्सी आणि लहान मुलांच्या अस्थिरोगतज्ज्ञांची संघटना यांनी २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. तरीही कित्येक मुलांचा पहिला एक्स-रे पाच-सहा वर्षांचं झाल्यावर निघतो. कुणी सुचवलं नाही तर तुम्ही विचारा. चौथ्या-पाचव्या पातळीत सहा महिन्यांनी किंवा वर्षानं, सौम्य पातळीत विरळ.

काढताना मूल सरळ झोपलेलं, कंबर न वळलेली, गुडघ्याच्या वाट्या छताकडे हव्यात. पाय कात्रीत असताना काढलेल्या फिल्मवरून मोजलेला आकडा फसवतो. टेक्निशियन घाईत असतो, म्हणून पाय धरायला आपण उभं राहावं (शिशाचा ॲप्रन मागून घ्या, आई गरोदर असेल तर बाबांनी जावं). आणि रिपोर्टमध्ये ‘नॉर्मल’ असं न लिहिता दोन्ही बाजूंचे टक्के लिहून मागा.

१०. शस्त्रक्रिया कधी, कोणती

ताठरपणावरच्या शस्त्रक्रिया वेगळ्या आणि आखडलेल्या स्नायू-हाडांवरच्या वेगळ्या.

एसडीआर (सिलेक्टिव्ह डॉर्सल रायझोटॉमी) ही पहिल्या गटातली. कंबरेच्या मणक्यात पायांकडून येणाऱ्या संवेदनेच्या नसांचे धागे तपासून त्यांतले काही कापतात. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला वॉरविक पीकॉक यांनी १९८० च्या दशकात तिला आजचं रूप दिलं. अपुऱ्या दिवसांचं, दोन्ही पायांत शुद्ध स्पॅस्टिसिटी, खाली बऱ्यापैकी ताकद, साधारण चार ते दहा वर्षांचं, दुसऱ्या-तिसऱ्या पातळीचं मूल हे तिचं गिऱ्हाईक. डिस्टोनिया असेल तर नाही. कापलेलं परत जोडता येत नाही, आणि नंतर कित्येक महिने कडक फिजिओ लागते. ते घरात शक्य आहे का, हा प्रश्न ऑपरेशनच्या खर्चाइतकाच मोठा आहे.

बॅक्लोफेनचा पंप पोटाच्या त्वचेखाली बसवतात आणि औषध थेट मणक्यात जातं. महाग आहे, काही महिन्यांनी भरावा लागतो. वेळेवर भरला नाही तर जिवावर बेततं. केंद्रापासून लांब राहणाऱ्यांनी नीट विचार करावा.

दुसऱ्या गटात स्नायू लांब करणं, जागा बदलणं, हाडं सरळ करणं. पूर्वी दरवर्षी एकेक ऑपरेशन व्हायचं. मुलाचा प्रत्येक वाढदिवस प्लास्टरमध्ये. टोरंटोचे मर्सर रँग यांनी याला ‘बर्थडे सिंड्रोम’ म्हटलं होतं. आता चाल नीट तपासून, लागतील त्या सगळ्या जागा एकाच वेळी करण्याकडे कल आहे, आणि चालणाऱ्या मुलांत शक्यतो सहा वर्षांच्या पुढे. खुबा सरकत असेल तर मात्र वयाची वाट पाहत नाहीत.

मोफत शिबिरात ‘फक्त टाचेची शीर सोडवू’ असं ऐकलं तर दुसरं मत घ्या. दोन्ही पायांत ताठरपणा असलेल्या मुलाच्या मांडीमागचे आणि कंबरेचे स्नायू तसेच ठेवून टाच जास्त ढिली केली, तर टाच टेकते खरी, पण मूल गुडघे वाकवून, खचून चालू लागतं. ते सुधारणं पुढे फार अवघड जातं.

११. पैसे वाचवा

सीपीसाठी स्टेमसेलच्या जाहिराती मराठी वर्तमानपत्रांतही असतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या राष्ट्रीय सूचनांनुसार स्टेमसेल हा रक्ताच्या काही आजारांपुरताच मान्य उपचार आहे; बाकी आजारांत तो फक्त मान्यता मिळालेल्या चाचणीत देता येतो आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. तेव्हा विचारायचे प्रश्न दोनच: सीटीआरआयचा (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक काय, आणि मग हे लाखो रुपये कशाचे?

ऑक्सिजनच्या दाबपेटीचंही तसंच. कॅनडात १११ मुलांवर अभ्यास झाला, २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. पेटीतला ऑक्सिजन मिळालेली आणि थोड्या दाबाची साधी हवा मिळालेली मुलं सारखीच सुधारली.

१२. कागद आणि खर्च

सुरुवात जिल्हा रुग्णालयातून करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधूनच देशभर सुरू झाला. त्याखालची डीईआयसी, म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. तिथे फिजिओ आणि पुढची चिठ्ठी मोफत मिळते. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना विचारलं तर त्या पत्ता सांगतात. मुंबईला जाणार असाल तर परळचं वाडिया हे लहान मुलांचं रुग्णालय आणि हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था ही दोन नावं लिहून ठेवा. हाजी अलीला पट्ट्यांचं वर्कशॉप आवारातच आहे.

यूडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून तपासणीची तारीख मिळते. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सीपीचा समावेश आहे, आणि बहुतेक सवलतींना ४० टक्क्यांची अट लागते. लहान मुलांना बहुधा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र देतात, संपायची तारीख बघून ठेवा.

नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना सीपीसाठी आहे. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, आधीची तपासणी नाही, आणि बाह्यरुग्ण फिजिओचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो. अर्ज ट्रस्टकडे नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत करायचा आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं. पट्टे, वॉकर, खुर्ची यांसाठी केंद्र सरकारची एडिप योजना आणि अशी साधनं बनवणाऱ्या अलिम्को या सरकारी कंपनीची शिबिरं. ऑपरेशन ठरलं की रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि हे ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसतं का, ते भरती होण्याआधी विचारा. दाखल झाल्यावर धावपळ होते.

निरामयसाठी प्रत्येक बिल आणि चिठ्ठी मूळ प्रतीत जपा. बिलावर मुलाचं नाव यूडीआयडी कार्डावर आहे तसंच, त्याच स्पेलिंगनं लिहून घ्या. मेडिकलवाला घाईत ‘बेबी’ किंवा घरचं नाव टाकतो, म्हणून कार्डाची झेरॉक्स पाकिटात ठेवा आणि ती दाखवूनच बिल करून घ्या.